यासुके, 1:24 : जोडण्याआधी आणि रंगवण्याआधी वाचा

यासुके हा जपानी सरदार ओदा नोबुनागाच्या पदरी असलेला आफ्रिकी माणूस; ही त्याची 1:24 म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढी मूर्ती. पेटीत रेझिनचे आठ भाग आहेत: डोकं, धड, दोन हात, पावलांसकट हाकामा (घोळदार सुरवार), आखूड तलवार, भाल्याचं पातं आणि तळ. भाल्याच्या काठीसाठी 1.2 मिमी जाडीची, 125 मिमी लांब पितळी सळई आणि सांध्यांसाठी 1 मिमीची 10 सेमी तार सोबत दिली आहे. रंग आणि गोंद वेगळे घ्यावे लागतील.

मूर्ती 'जरा जास्तच उंच' वाटते, असं बरेच ग्राहक कळवतात. ती तशीच हवी. यासुकेला प्रत्यक्ष पाहिलेल्या मात्सुदाइरा इएतादा या सामुराईने मे 1582 मध्ये आपल्या रोजनिशीत यासुकेची उंची 6 शाकु 2 सुन लिहिली आहे, म्हणजे सुमारे 188 सेमी. 24 ने भागल्यावर 78 मिमी. त्या काळचा जपानी पुरुष साधारण 157 सेमीचा, या मापात 65 मिमी. बाजारातला '75 मिमी' सामुराई शेजारी ठेवलात तर दोघे जवळपास सारखे दिसतील, आणि 1581 मध्ये क्योतोत त्याला पाहायला लोकांनी जेझुइटांच्या (ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या) घराचं दार का मोडलं, हे कळणारच नाही. जोडीला 65 मिमीचीच मूर्ती घ्या.

चिलखत आम्ही मुद्दाम दिलेलं नाही. ओदा नोबुनागाच्या चरित्राच्या एका हस्तलिखितात यासुकेला काय मिळालं ते नोंदलं आहे: तनखा, घर आणि एक आखूड तलवार, शिवाय प्रसंगी धन्याची हत्यारं वाहायचं काम. इएतादाने त्याला पाहिलं ते ताकेदा या शत्रू घराण्याचा पाडाव करून नोबुनागा काइ प्रांतातून परतत असताना. आम्ही तोच प्रसंग घेतला. म्हणून उन्हाळी कपडे, हातात भाला आणि तळाला कोरडी मातीची वाट. केस आखूड ठेवणं मात्र आमची निवड.

जोडणी

सगळे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. साच्याचं तेल राहिलं तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो, आणि नेमका नाकावरून. ओतकामाचे खुंट कटरने थोडे लांबच कापा, मग कानस, मग 400 आणि 800 नंबरचा वॉटर पेपर, तोही पाण्यात भिजवूनच. कोरडी घासलेली रेझिनची पूड फुप्फुसात जाते, मास्क लावा.

दोन्ही खांद्यांत आणि कमरेत 1 मिमीची, 5 मिमी खोल भोकं पाडून तार घाला. नुसत्या सुपरग्लूवर भाल्याचा हात टिकत नाही, कारण सळईचं वजन सांध्यावर सतत येतं. तिथे दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरा. तलवार वाकडी आली असेल तर 60-70 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरा, सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात बुडवा. थंड असताना वाकवलीत की मोडलीच.

या तलवारीला मुठीपाशी तबकडी नाही. भाग हरवलेला नाही. सायामाकी प्रकाराला ती नसतेच. म्यानावरच्या तिरप्या खाचा ओतकामातला दोष समजून कानशीने घालवू नका, त्याही मूळच्याच. म्यान धातूच्या पत्र्याने मढवलेलं होतं, म्हणून सोनेरी रंग द्या. खाली पिवळी माती (यलो ऑकर) लावली तर सोनेरीचे दोन हात पुरतात. करड्या प्रायमरवर चार देऊनही हिरवट झाक राहते. तलवार डाव्या कमरेला, धार वर.

रंग

करडा प्रायमर 20-25 सेमीवरून, पातळ दोन हात. पावसाळ्यात टाळा: द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि थर पांढुरका, खरखरीत होतो.

त्वचेसाठी काळा रंग वापरूच नका. नोबुनागाच्या चरित्रात 'बैलासारखा काळा' असं लिहिलं आहे, पण ते काही शेडकार्ड नव्हे. काळ्यावर सावली पडत नाही आणि चेहरा सपाट होतो. बर्न्ट अंबर 3 भाग, बर्न्ट सिएना 1 भाग हा पाया. खोलगट भागांत त्यातच थेंबभर अल्ट्रामरीन. कपाळ, गाल, नाकाचा शेंडा उजळायला यलो ऑकर मिसळा, पांढरा नव्हे. पांढऱ्याने राख फासल्यासारखं दिसतं. हे उजळ थर 1 भाग रंगाला 5-6 भाग पाणी घालून, प्रत्येक थर वाळल्यावरच द्या. त्वचेला सॅटिन वार्निश, कपड्यांना मॅट. एकच वार्निश सगळीकडे मारलं तर मूर्ती प्लास्टिकची वाटते.

नावाची पट्टी

'यासुके, ओदा नोबुनागाच्या पदरी, 1581-82' एवढं पुरे. जन्मस्थान म्हणून मोझांबिक टाकायचा मोह होतो, पण ते सांगितलं फ्रेंच जेझुइट सोलिए याने, 1627 मध्ये. यासुकेला जपानला नेणारे पाद्री वालिन्यानो 1574 मध्ये मोझांबिकवरूनच गोव्याला आले होते, पण तेवढ्यावरून पट्टीवर 'गोवा'ही कोरू नका. 'मृत्यू : होन्नोजी, 1582' तर साफ चूक. क्योतोतल्या होन्नोजी या देवळात नोबुनागा संपल्यावर यासुके त्याच्या मुलाकडे, नोबुतादाकडे गेला, तिथे लढला आणि शेवटी तलवार खाली ठेवली. नोबुनागावर उलटलेला त्याचा सरदार आकेची मित्सुहिदे याने यासुकेला मारलं नाही, पाद्र्यांच्या देवळात धाडलं.