करकोच्याचं डोहाळजेवण

हरगिला या करकोच्याला देखणा म्हणणं कठीणच. जवळजवळ पाच फूट उंची, बोडकं डोकं, गळ्याखाली लोंबणारी पिशवी. मेलेली जनावरं आणि उकिरडा हे त्याचं मुख्य खाणं. असमियात नावाचा अर्थच 'हाडं गिळणारा'. घरटी मात्र तो गावातल्या उंच झाडांवर करतो, म्हणजे कुणाच्या तरी परसात. खाली विष्ठा आणि सडक्या मांसाचे तुकडे पडत राहतात. झाडमालकानं वैतागून कुऱ्हाड हाती घेतली, तर मला त्याचा फारसा राग येत नाही.

2007 साली आसामच्या कामरूप जिल्ह्यात असंच एक झाड मालकानं तोडलं आणि त्यासोबत नऊ पिल्लं खाली आली. ते पाहून जीवशास्त्रज्ञ पूर्णिमा देवी बर्मन यांनी पीएचडी लांबणीवर टाकली आणि त्या गावातल्या बायकांशी बोलू लागल्या. पुढे विणीच्या हंगामात या पक्ष्याचं चक्क डोहाळजेवण होऊ लागलं. मागावरच्या कापडात हरगिला विणला जाऊ लागला. दादरा, पचरिया आणि सिंगिमारी या गावांतली घरटी 28 वरून अडीचशेच्या पुढे गेली. सगळं श्रेय डोहाळजेवणाला देता येणार नाही, पण झाडं उभी राहिली हे नक्की.

निसर्ग का जपायचा, याची जुनी उत्तरं दोन: तो आपल्या उपयोगाचा आहे, किंवा उपयोग असो-नसो, त्याला स्वतःचं मोल आहे. गेल्या दशकभरात संशोधक तिसऱ्याबद्दल बोलू लागले आहेत, ते म्हणजे नात्यातून येणारं मोल: ज्याचं डोहाळजेवण केलं, त्याचं झाड तोडवत नाही, तसं. जैवविविधतेवरच्या 'आयपीबीईएस' या आंतरराष्ट्रीय मंचाच्या 2022 च्या अहवालातही त्याला जागा मिळाली.

मग झाडमालकाला सरळ पैसेच का देऊ नयेत? इथे इस्रायलमधल्या पाळणाघरांचा एक अभ्यास आठवतो. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला. दंड काढला तरी तो खाली आला नाही. आधी बाईंना ताटकळत ठेवण्याचा संकोच वाटायचा. दंड आल्यावर तो उशिराचा दर झाला. अर्थात पैसा म्हणजे वैरीच, असंही नाही. हरगिल्याच्या नक्षीचं कापड विकून बायकांना उत्पन्न मिळतं. फरक एवढाच, की ते विणकामाचे पैसे आहेत, झाड न तोडण्याची भरपाई नव्हे.

मराठीत 'काळजी' हा शब्द चिंतेलाही वापरतात आणि देखभालीलाही. इथे दोन्ही लागतात. देखभाल म्हणजे रोजचं काम, आणि ते बहुतेक बायकांच्याच वाट्याला येतं. संवर्धनाच्या कौतुकात हे सहज निसटतं. पण त्या रोजच्या वावरामुळेच घरट्यातून पडलेलं पिल्लू आधी त्यांना दिसतं. आता विणीच्या दिवसांत झाडाखाली जाळी बांधतात, म्हणजे वाऱ्यानं पिल्लू पडलंच तर ते जमिनीवर आदळत नाही.