गेटिसबर्गमधील जखमी सैनिकांची नागरी शुश्रूषा

उत्तरेचे संघराज्य आणि त्यातून फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये यांच्यातील अमेरिकन यादवी युद्धात पेनसिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्ग येथे १ ते ३ जुलै १८६३ या काळात मोठी लढाई झाली. ती संपली तेव्हा जेमतेम २,४०० वस्तीच्या या गावात आणि भोवतालच्या शेतवाड्यांवर दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २१,००० जखमी पडून होते. पुढे नोव्हेंबरपर्यंत लष्करी डॉक्टरांच्या जोडीने गावकरी, धर्मभगिनी आणि स्वयंसेवी मंडळांनी त्यांची देखभाल केली.

हा भार नागरिकांवर पडण्याची कारणे लष्करी होती. उत्तरेच्या सैन्याचा वैद्यकीय प्रमुख जोनाथन लेटरमन याने जखमींना उचलून आणणारी गाड्यांची यंत्रणा उत्तम बसवली होती, त्यामुळे आपल्या हद्दीतले बहुतेक जखमी ४ जुलैच्या पहाटेपर्यंत हलवले गेले. पण उत्तरेचा सेनापती मीड याच्या हुकुमावरून तंबू आणि औषधांच्या बहुतेक गाड्या कित्येक मैल मागे, मेरीलँडमधील वेस्टमिन्स्टरच्या बाजूला थांबवून ठेवल्या होत्या. म्हणजे माणसे आणली, पण त्यांना ठेवायला छप्पर नाही आणि बांधायला पट्टी नाही. त्यातच हे सैन्य दक्षिणेचा सेनापती ली याच्या पाठलागावर निघाले आणि मागे १०६ वैद्यकीय अधिकारी उरले. लीने हलवता न येण्याजोगे सुमारे ६,८०० जखमी मागे सोडले होते. दक्षिणेच्या सैन्याने जूनअखेर रेल्वेचे पूल उद्ध्वस्त केल्यामुळे बाहेरून माल येण्याचा रस्ताही बंद होता. ४ जुलैला धो धो पाऊस झाला, ओढे फुगले आणि काठावर ठेवलेल्या जखमींना घाईघाईने वर हलवावे लागले.

गावातली जवळपास प्रत्येक मोठी इमारत दवाखाना झाली : ल्यूथरन धर्मविद्यालय, पेनसिल्व्हेनिया कॉलेज, न्यायालय, चर्च, धान्याची कोठारे. चर्चमधल्या बाकांच्या पाठींवर फळ्या टाकून त्यांवर जखमी झोपवले जात आणि घरांची दारे बिजागरीतून काढून त्यांची शस्त्रक्रियेची टेबले होत. लढाईच्या पहिल्या दिवसाच्या दुपारपासून अखेरपर्यंत गावाचा बराच भाग दक्षिणेच्या ताब्यात होता, त्यामुळे एकाच खोलीत दोन्ही गणवेशांची माणसे पडलेली असत. गावातले बरेचसे कृष्णवर्णीय रहिवासी मात्र आधीच घरे सोडून गेले होते. दक्षिणेचे सैनिक कृष्णवर्णीयांना, जन्माने स्वतंत्र असलेल्यांनाही, धरून गुलामगिरीत नेत होते. त्यामुळे गावाच्या शुश्रूषेत त्यांचे हात कमी दिसतात.

५ जुलैला सुमारे १६ किलोमीटरवरच्या एमिट्सबर्गहून ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ या कॅथलिक पंथाच्या भगिनी मलमपट्टीचे सामान घेऊन आल्या. रुग्णसेवेची सवय असलेले हे जवळचे पथक होते. न्यू जर्सीची २३ वर्षांची कॉर्नेलिया हॅनकॉक हिला उत्तरेच्या सैन्यातील परिचारिकांच्या अधीक्षक डोरोथिया डिक्स यांनी वयाने लहान म्हणून नाकारले होते. ती तरीही येऊन पोचली आणि सैन्याच्या दुसऱ्या कोअरच्या (मोठ्या तुकडीच्या) रुग्णालयात कामाला लागली. तिथे तिला कोणी वय विचारले नाही.

शस्त्रक्रिया डॉक्टरांची, त्यानंतरचे सारे नागरिकांचे, अशी विभागणी आपोआप पडली. जखम बांधण्याची रूढ रीत थंड पाण्याच्या पट्टीची होती. लिंटची (कापड खरवडून काढलेल्या तंतूंची) घडी पाण्यात भिजवून जखमेवर ठेवायची, वरून दोन ते चार इंच रुंदीची गुंडाळपट्टी सैलसर बांधायची आणि ती सुकू न देता वरचेवर पाणी शिंपडत राहायचे. पट्टी कोरडी पडली की रक्तासह जखमेला चिकटे आणि सोडताना नवा रक्तस्राव होई. म्हणून आधी कोमट पाण्याने ती भिजवून मगच उलगडावी लागे. पू सुटू लागल्यावर मेणाचे साधे मलम किंवा जवसाचे पोटीस लावत. उन्हाळ्यात माश्यांमुळे दोन दिवसांत जखमेत अळ्या पडत. त्या वेचून काढणे आणि अंगावर मच्छरदाणीचे कापड टाकणे हेही काम घरच्या बायकामुलींकडे आले.

लिंट म्हणजे जुने लिननचे कापड पाटावर ताणून सुरीने खरवडून काढलेला भुसभुशीत तंतू. देशभर बायका आणि शाळकरी मुली तो मायेने करून पाठवत. दुर्दैवाने त्याचे बारीक धागे जखमेत रुतून बसत आणि न उकळलेल्या कापडातले जंतू आत जात. ब्रिटिश शल्यचिकित्सक लिस्टर याची जंतुनाशक पद्धत १८६७ साली प्रसिद्ध झाली, त्याआधी हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. याहून घातक होता स्पंज : एकाच बादलीत बुडवून, पिळून तो एका जखमेवरून दुसरीवर फिरे. त्यातून कोथ (जखमेचे मांस सडणे) आणि रक्तात पू भिनण्याचा विकार पसरे. या दुसऱ्या विकारातून वाचणारा क्वचितच असे. कोथावर ब्रोमीन या रसायनाचा उपयोग होई, पण तो लावताना असह्य आग होत असल्याने रोग्याला भुलीसाठी क्लोरोफॉर्म द्यावा लागे. दक्षिणेकडे उत्तरेने केलेल्या नाकेबंदीमुळे रेशमी दोरा मिळेना, म्हणून घोड्याचे केस मऊ करण्यासाठी उकळून टाके घालत. ते उकळल्याने निर्जंतुक होत, हे त्यांनाही माहीत नव्हते.

शुश्रूषा करणाऱ्याने सर्वांत जास्त सावध राहावे असा काळ होता अवयव कापल्यानंतरचा दुसरा आठवडा. धमनी बांधलेला दोरा कुजून सुटे आणि रात्री अचानक रक्त वाहू लागे. अशा वेळी पट्ट्यांवर पट्ट्या चढवून भागत नसे. पाय कापलेला असेल तर मांडीच्या मुळाशी जिथे नाडी लागते तिथे अंगठ्याने धमनी हाडावर दाबून धरायची आणि डॉक्टर येईपर्यंत हात हलवायचा नाही. पाळीवर बसलेल्या माणसाला झोप लागली तर रोगी काही मिनिटांत जाई.

आहारात नागरिकांचे योगदान निर्विवाद होते. लष्करी शिधा, म्हणजे टणक बिस्किटे आणि खारवलेले डुकराचे मांस, तापाने फणफणलेल्या माणसाच्या घशाखाली उतरत नसे. त्याऐवजी बीफ टी देत : चरबी काढलेल्या गोमांसाचे बारीक तुकडे थंड पाण्यासह बरणीत भरायचे, बरणी उकळत्या पाण्यात काही तास ठेवायची, मग गाळून मीठ घालायचे. अशक्तांना दूध, साखर आणि ब्रँडी एकत्र करून चमच्याने पाजत. गावचा साठा दोन-चार दिवसांत संपला. ७ जुलैच्या सुमारास रेल्वे पुन्हा जवळ येऊ लागल्यावर १८६१ मध्ये स्थापन झालेल्या सॅनिटरी कमिशन या सैनिकांसाठीच्या मदत संस्थेने गेटिसबर्गला सुमारे १३,००० पाव, ८,५०० डझन अंडी आणि २०,००० पौंड बर्फ पुरवला. बर्फ दूध-मांस टिकवायला लागे, तसाच जखमेला गारवा द्यायलाही. आरंभी गाडी गावाबाहेरच थांबे. कुबड्यांवर तिथवर गेलेल्यांची गाडी चुकली तर रात्र उघड्यावर निघे, म्हणून कमिशनने स्थानकाजवळ तंबू आणि स्वयंपाकघर चालवले.

२२ जुलैला गावाच्या पूर्वेस दीड मैलावर, यॉर्क रस्त्यालगत, झरा आणि रेल्वे दोन्ही जवळ असलेल्या उंचवट्यावर ‘कॅम्प लेटरमन’ हे तंबूंचे रुग्णालय उघडले. चारशेहून अधिक तंबू रांगांत, मध्ये मोकळी वाट, बाजूंचे पडदे वर केलेले. घराघरांतून ‘आपल्या’ रोग्याला हलवू देण्याची अनेकांची तयारी नव्हती. तरी हलवणेच योग्य होते : बंद चर्चमध्ये दाटीवाटीने ठेवलेल्यांपेक्षा वारा खेळणाऱ्या तंबूंत कोथाचा फैलाव आवरणे सोपे जाई. प्रवास झेपेल त्यांना बाल्टिमोर, फिलाडेल्फियाकडे पाठवत तिथली संख्या उतरत गेली. नागरिकांनी आणलेले गोडधोड मात्र डॉक्टरांना वारंवार थांबवावे लागे, कारण जुलाबाच्या रोग्याला तेही जीवघेणे ठरे. हे रुग्णालय २० नोव्हेंबर १८६३ रोजी बंद झाले.