धमकी वेगळी, पत वेगळी

परराष्ट्र धोरणाची चर्चा निघाली की लष्करी धमकी आणि राष्ट्राची पत, म्हणजे त्याच्या शब्दावरचा विश्वास, हमखास एकाच मापाने मोजली जातात. पण धमकी देणाऱ्याच्या तोंडी असते आणि पत ऐकणाऱ्याच्या मनात. म्हणून एक असून दुसरी नसणं अगदी शक्य आहे.

ऑक्टोबर 1950 मध्ये चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून घेतलं. अमेरिकी फौजा 38वा अक्षांश, म्हणजे दोन्ही कोरियांमधली सीमा, ओलांडून उत्तरेत आल्या, तर चीन कोरियाच्या युद्धात उतरेल, असा निरोप दिला. धमकी शंभर टक्के खरी होती, पण वॉशिंग्टनने ती पोकळ मानली. पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत, असाही तिथे समज होता. त्याच महिन्यात चिनी सैन्य सीमेवरची यालू नदी ओलांडून कोरियात शिरलं.

उलटी चूक व्हिएतनाममध्ये झाली आणि मला ती जास्त भयंकर वाटते. मार्च 1965 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यातले जॉन मॅकनॉटन यांनी एका टिपणात युद्धाची उद्दिष्टं टक्केवारीत मांडली. त्यातले 70 टक्के मानहानीकारक पराभव टाळण्यासाठी, म्हणजे पत राखण्यासाठी होते. व्हिएतनामी जनतेच्या वाट्याला फक्त 10 टक्के! त्या युद्धात 58,000 हून अधिक अमेरिकी सैनिक मेले, व्हिएतनामी तर लाखोंनी. 1975 मध्ये सायगाव पडलं, तरी जपान किंवा पश्चिम जर्मनीने अमेरिकेची साथ सोडली नाही. जी पत वाचवायला एवढी माणसं गेली, ती त्या रणांगणावर पणाला लागलेलीच नव्हती.

सीरियाचं प्रकरण इतकं सरळ नाही. सीरियात रासायनिक अस्त्रांचा वापर ही आपली ‘लाल रेषा’ आहे, म्हणजे ती ओलांडली तर परिणाम भोगावे लागतील, असं अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामांनी 2012 मध्ये म्हटलं. 2013 मध्ये दमास्कसजवळच्या घौतात ती अस्त्रं वापरली गेली, तरी त्यांनी हल्ला केला नाही. पत गेली, असा गजर झाला. पण त्याच धमकीच्या दबावाखाली सीरियाने सुमारे 1,300 टन रासायनिक साठा जाहीर करून सोपवला. सगळा मात्र नाही, हे 2017 मध्ये सीरियातल्याच खान शेखूनवर झालेल्या रासायनिक हल्ल्याने दाखवलं.

पतीची आणखी एक बाजू सहसा विसरली जाते : समोरच्याने ऐकलं, तर आपण थांबू, यावरही त्याचा विश्वास बसावा लागतो. 1962 मध्ये सोव्हिएत संघाने क्युबात क्षेपणास्त्रं ठेवल्याने उभ्या राहिलेल्या पेचात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नौदलाचा वेढा घातला, पण क्युबावर स्वारी न करण्याची हमीही दिली. तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढण्याचं गुप्त आश्वासन दिलं ते वेगळंच. सोव्हिएत संघाला त्याबद्दल उघडपणे बोलता येत नव्हतं. तरीही 1963 च्या एप्रिलपर्यंत ती क्षेपणास्त्रं हलवली गेली.