चौकट तीन मिलिमीटर सरकली तर

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या छोट्या गाडीची क्लच प्लेट बदलली. दुसऱ्या दिवशी बेळगावहून खानापूरला निघालो आणि देसूरच्या पुढं स्टिअरिंग डावीकडं ओढू लागलं. दोन ठिकाणी व्हील अलाइनमेंट करून घेतलं. दोन्हीकडं टो, म्हणजे वरून पाहताना चाकं सरळ दिशेपासून किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन, जुळवून दिला, कागदावर टोचे आकडे हिरवे आले, आणि गाडी तशीच डावीकडं. ‘रस्त्याचाच उतार असेल,’ असं एकानं सांगितलं. त्यात थोडं तथ्य आहे. पाणी वाहून जावं म्हणून आपल्याकडच्या डांबरी रस्त्याला मीटरमागं दोन-अडीच सेंटीमीटर उतार ठेवतात, आणि आपण डाव्या बाजूनं चालत असल्यामुळं गाडी हलकीशी डावीकडं झुकतेच. पण माझी गाडी सपाट मैदानातही वळत होती.

उत्तर मिळालं बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात. तिथल्या एका जुन्या मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली, टो जुळवायच्या दांड्याला, म्हणजे टाय रॉडला, हातही न लावता आधी स्क्रीनवरचे बाकीचे आकडे वाचले आणि म्हणाले, “सर, चौकटच सरकलीया बगा. दाराला कितीबी रंधा मारला तर काय उपेग?”

ही चौकट म्हणजे सबफ्रेम. गॅरेजमध्ये हिला बहुतेक जण क्रॉस मेंबर म्हणतात. इंजिनाखाली आडवी बसलेली ही पोलादी चौकट सहसा चार जाड बोल्टांनी बॉडीला घट्ट आवळलेली असते. दोन्ही चाकांना खालून धरणारे दांडे, म्हणजे लोअर आर्म, तिलाच जोडलेले, बऱ्याच गाड्यांत चाकं वळवणारा स्टिअरिंगचा रॅकही तिच्यावर. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामात पुष्कळ गाड्यांची ही चौकट खाली उतरवावी लागते. तिची छिद्रं बोल्टांपेक्षा थोडी मोठी असतात, म्हणून परत चढवताना ती काही मिलिमीटर इकडंतिकडं बसू शकते.

काही मिलिमीटरनं एवढं काय बिघडतं? आपल्या बहुतेक लहान गाड्यांना पुढं मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरची ही रचना 1950 साली ब्रिटनमध्ये दाखवलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत आली आणि स्वस्त, आटोपशीर म्हणून जगभर पसरली. हिच्यात चाकाचा वरचा आधार बॉडीत, खालचा आधार लोअर आर्मच्या टोकाला असलेल्या बॉल जॉइंटवर. चौकट उजवीकडं सरकली की उजव्या चाकाचा तळ बाहेर जातो आणि माथा आत झुकतो, डाव्या चाकाचा तळ आत येतो आणि माथा बाहेर कलतो. चाकाच्या या उभ्या कलाला कॅम्बर म्हणतात. माथा बाहेर तो धन, आत तो ऋण. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त धन, त्या बाजूला गाडी ओढते.

हिशेब सोपा आहे. वरच्या आणि खालच्या आधारात साधारण 600 मिलिमीटर अंतर धरलं, तर खालचं टोक 3 मिलिमीटर हललं की कोन सुमारे 0.3 अंशानं बदलतो. एकीकडं 0.3 वाढला, दुसरीकडं 0.3 घटला, म्हणजे दोन चाकांत 0.6 अंशांचा फरक. दोन्ही बाजूंतला फरक अर्ध्या अंशाच्या आत असावा, असा कारागिरांचा ढोबळ नियम आहे.

माझ्या गाडीचा डावा कॅम्बर +0.2 आणि उजवा −0.4 होता. पण एवढ्यावरून चौकटीला दोष देता येत नाही. वाकलेला स्ट्रटही कॅम्बर बिघडवतो. इथं मिस्त्रींनी पाहिलेला दुसरा आकडा कामी आला. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष वरून आत कललेला असतो, त्या कलाचा कोन डावीकडं 12.3 अंश आणि उजवीकडं 12.9 होता. यात कॅम्बर मिळवा: डावीकडं 12.5, उजवीकडंही 12.5. मला या बेरजेची गंमत फार वाटते. ही बेरीज चाक आणि स्ट्रट यांच्या घडणीवर ठरते, चौकट कुठं बसली त्यावर नाही. ती दोन्हीकडं सारखी, म्हणजे स्ट्रट आणि नकल (स्ट्रटच्या तळाशी चाक धरणारा भाग) शाबूत. बेरीज एका बाजूला वेगळी आली असती, तर तिथलं काहीतरी वाकलेलं. बेरीज सारखी पण एकाच चाकाचा कॅम्बर बिघडलेला असता, तर लोअर आर्म किंवा स्ट्रटचा वरचा आधार तपासावा लागला असता. आणि दोन्ही चाकांत समान, पण उलटा बिघाड असेल तर आडवी सरकलेली चौकट.

मग काम सुरू झालं. चौकटीखाली जॅक लावला, चारही बोल्ट फक्त सैल केले, काढले नाहीत. पहार टेकवून मिस्त्री हळूच दाब देत होते, नजर स्क्रीनवर. पलीकडून मदतनीस कन्नडमध्ये सांगत होता, “स्वल्प एडक्के!” म्हणजे जरा डावीकडं. पुन्हा दाब, बारीकसा ‘कट्’ आवाज. “साकु, साकु!” पुरे. दोन्ही कॅम्बर −0.1. बोल्ट टॉर्क रेंचनं ठरलेल्या जोरानं आवळले. पुष्कळ गाड्यांत हे बोल्ट आवळताना ताणले जातात आणि एकदाच वापरायचे असतात, म्हणून इथं जुन्यांऐवजी एकेक करून नवे घातले. ज्या गाड्यांत चौकटीला जागा पक्की करणाऱ्या पिना असतात, तिथं अशी ढकलाढकल चालत नाही. तिथं पिनच जागेवर बसवायची.

टो जुळवला तो सगळ्यात शेवटी. चौकट हलली की टोही थोडाफार बदलतो, त्यामुळं आधी टो जुळवणं वाया जातं. आणि टोची चूक टायरला महागात पडते. चाक सरळ दिशेपासून 0.2 अंश तिरकं असेल, तर दर किलोमीटरला ते सुमारे साडेतीन मीटर आडवं घासत जातं. बेळगाव ते खानापूर 25 किलोमीटर धरले, तर एका फेरीत जवळपास 87 मीटर.

सगळं आवळून झाल्यावर मिस्त्रींनी चौकट आणि बॉडी जिथं भेटतात तिथं पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढली. पुढच्या वेळी कुणीही चौकट उतरवली तर ती परत कुठं बसवायची ते त्यावरून कळावं म्हणून. क्लच काढण्याआधी अशीच रेघ मारली असती, तर हे सगळं टळलं असतं. परवा चोर्ला घाटातून आल्यावर गाडीखालचा लाल चिखल पाण्यानं धुतला. रेघ दिसली. अर्धी चौकटीवर, अर्धी बॉडीवर, जोडाशी कुठंही तुटलेली नाही.