डायनोसॉर कुणी मारले? संशयितांत आपला कातळही

लातूर, बीड, जालना, कुठंही विहीर खणायला घ्या. काळी माती संपली की मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. मधेच कधीतरी लालभडक गेरूचा पट्टा लागतो. ओला झाला की ढासळतो, म्हणून खणणाऱ्यांना तो नकोसा असतो. पृथ्वीचा इतिहास शोधणाऱ्यांना मात्र तोच हवा असतो.

हा कातळ म्हणजे साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर पडून पसरलेला लाव्हा. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं, तेव्हा मूळ खडकाच्या आधी तब्बल 338 मीटर बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, लागला. लाव्हा सलग वाहिला नाही. मधे मोठी विश्रांती मिळाली की वरचा थर हवा-पाण्यानं कुजून लाल व्हायचा आणि पुढच्या लाटेखाली गाडला जायचा. तोच हा गेरू.

गंमत अशी, की याच काळात सुमारे 10 किलोमीटर व्यासाचा एक लघुग्रह मेक्सिकोत आदळला. 1980 साली लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या शास्त्रज्ञ बापलेकांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इटलीतल्या मातीच्या एका पातळ थरात इरिडियम भलतंच जास्त सापडलं. हा धातू पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, लघुग्रहांत मुबलक. पुढे 1991मध्ये मेक्सिकोतल्या चिक्शुलूबच्या सुमारे 180 किलोमीटर रुंद, गाडल्या गेलेल्या विवराची ओळख पटली. तिथल्या खडकात गंधक भरपूर होतं. टकरीनं ते आकाशात उधळलं, सूर्य झाकोळला, वनस्पती मेल्या, आणि त्यांच्यावर जगणारेही गेले. डायनोसॉरांसकट सुमारे 75 टक्के प्रजाती संपल्या.

मग आपल्या लाव्ह्याचा दोष किती? 2019मध्ये दोन गटांनी ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात वेगवेगळी उत्तरं दिली. एकानं सह्याद्रीतल्या अशाच लाल थरांतले झिरकॉन या खनिजाचे बारीक कण वेचून त्यांचं वय काढलं आणि उद्रेकाची एक मोठी लाट टकरीच्या थोडी आधी आली, असं मांडलं. दुसऱ्यानं बेसाल्टमधला आर्गॉन वायू मोजून त्याचं वय काढलं आणि बहुतेक लाव्हा टकरीनंतरचा ठरवला. मला स्वतःला मुख्य आरोपी लघुग्रहच वाटतो. लाव्हा काही लाख वर्षं ये-जा करत होता आणि जीवसृष्टी तग धरून होती. घात एका झटक्यात झाला. पण आपला कातळ निर्दोष सुटला, असं नाही म्हणता येणार.

या लाव्ह्यावरही पुढे दगड पडलाच. मंठ्याहून पुढे, मराठवाड्याची हद्द ओलांडताच लोणार लागतं. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं हे विवर आधी 50 हजार वर्षांचं मानत. 2011च्या मोजणीनं ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांवर नेलं. बेसाल्टमध्ये झालेली इतकी चांगली टिकलेली विवरं पृथ्वीवर विरळाच, म्हणून मंगळाचे अभ्यासकही इथले खडक तपासतात.

लघुग्रहांच्या खात्यात नुसता संहारच नाही. ‘ओसायरिस-रेक्स’ यानानं बेन्नू या लघुग्रहावरून 2023 साली जे 121 ग्रॅम धूळ-खडे आणले, त्यांत प्रथिनं घडवणाऱ्या 20पैकी 14 अमिनो आम्लं निघाली. आणि धोका टाळायचा प्रयोगही झालाय: सप्टेंबर 2022मध्ये ‘डार्ट’ यान मुद्दाम डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर आपटलं आणि मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची त्याची फेरी सुमारे 32 मिनिटांनी कमी झाली. मात्र यासाठी धोंडा कित्येक वर्षं आधी दिसायला हवा.

अपोफिस दिसलाय. तीनेकशे मीटरचा हा लघुग्रह 2029मध्ये पृथ्वीपासून सुमारे 32 हजार किलोमीटरवरून, म्हणजे टीव्हीच्या उपग्रहांच्याही अलीकडून जाईल. आदळणार नाही, हे पक्कं. आपल्या घड्याळात तेव्हा 14 एप्रिलची पहाट असेल, सव्वातीनच्या सुमारास. भीमजयंतीच्या रात्री निम्मा मराठवाडा जागाच असतो.