कोसेल, हॉवर्ड

(२५ मार्च १९१८–२३ एप्रिल १९९५). अमेरिकन क्रीडानिवेदक व मुष्टियुद्धाचे समालोचक. जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विन्स्टन-सेलम येथे. बालपण न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनमध्ये गेले. मूळ नाव हॉवर्ड विल्यम कोहेन. ‘कोसेल’ हे पोलंडहून आलेल्या आजोबांच्या मूळ आडनावाशी जुळणारे असल्याचे ते सांगत. ‘नाव बदलायचे, डोक्यावर केसांचा टोप चढवायचा आणि म्हणे सत्य सांगतो’ अशा आशयाचा टोमणा क्रीडापत्रकार जिमी कॅनन यांच्या नावावर सांगितला जातो.

न्यूयॉर्क विद्यापीठातून कायद्याचे शिक्षण आणि दुसऱ्या महायुद्धातील सैन्यसेवा यांनंतर त्यांनी वकिली केली. १९५३ मध्ये एबीसी या अमेरिकन प्रसारणसंस्थेच्या रेडिओवर शाळकरी बेसबॉलपटूंचा कार्यक्रम त्यांनी सुरुवातीला बिनपगारी केला आणि पुढे वकिली सोडली. प्रश्न विचारण्याची त्यांची पद्धत मात्र अखेरपर्यंत उलटतपासणीचीच राहिली. मुष्टियोद्धे कॅशियस क्ले यांनी १९६४ मध्ये मुहम्मद अली हे नाव घेतले. अनेक वृत्तपत्रे जुनेच नाव छापत असताना कोसेल त्यांना नव्या नावाने संबोधत. लष्करभरती नाकारल्यामुळे १९६७ मध्ये अलींचे अजिंक्यपद काढून घेतले गेले, तेव्हा हा अन्याय आहे असे त्यांनी उघडपणे सांगितले.

२२ जानेवारी १९७३ रोजी किंग्स्टन (जमैका) येथे जॉर्ज फोरमन यांच्या ठोशाने जगज्जेते मुष्टियोद्धे जो फ्रेझर प्रथम कोसळले, तेव्हा कोसेल ‘डाउन गोज फ्रेझर!’ (फ्रेझर कोसळले!) असे तीनदा ओरडले. दोन फेऱ्यांत फ्रेझर सहा वेळा पडले, पण लक्षात राहिली ती पहिली आरोळी.

‘ब्राँक्स (न्यूयॉर्क शहराचा एक भाग) जळते आहे’ हे त्यांच्या तोंडी घातले जाणारे वाक्य मात्र संशयास्पद आहे. १२ ऑक्टोबर १९७७ च्या बेसबॉल सामन्यात कॅमेऱ्याने ब्राँक्समधील यांकी स्टेडियमजवळची आग दाखवली, हे खरे. कोसेल व सहसमालोचक कीथ जॅक्सन त्याविषयी बोललेही. परंतु पुढे उपलब्ध झालेल्या प्रक्षेपणाच्या ध्वनिचित्रमुद्रणात हे वाक्य त्या रूपात सापडत नाही. हेच शब्द १९७२ च्या एका बीबीसी माहितीपटाच्या शीर्षकात आधीच होते. त्यामुळे ते नंतर त्यांना चिकटले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

१९७०–८३ या काळात ‘मंडे नाइट फुटबॉल’ या अमेरिकन फुटबॉल सामन्यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे ते घरोघरी पोहोचले. ‘बीटल्स’ वाद्यवृंदाचे गायक जॉन लेनन यांच्या हत्येची बातमी ८ डिसेंबर १९८० रोजी त्यांनी याच कार्यक्रमात सामना चालू असताना दिली.

नोव्हेंबर १९८२ मध्ये लढतीतील दुखापतीने कोरियन मुष्टियोद्धा किम दुक-कू यांचा मृत्यू झाला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला ह्यूस्टन येथे लॅरी होम्स व रँडल कॉब यांची लढत झाली. ती पूर्ण एकतर्फी असूनही पंचांनी पंधरा फेऱ्या चालू दिली. पंच ती थांबवत का नाहीत, असे कोसेल प्रक्षेपणातच विचारत राहिले. यानंतर त्यांनी व्यावसायिक मुष्टियुद्धाचे समालोचन सोडले; हौशी मुष्टियुद्धाचे, उदा., १९८४ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमधील, ते करीत. न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश २०१० मध्ये झाला.