नवी मुंबई : साथीच्या काळातले रिकामे सभागृह

नवी मुंबईत करोनाचे रुग्ण झपाट्याने वाढत असतानाच 7 मे 2020 रोजी महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली. एप्रिलमध्ये अपेक्षित असलेली निवडणूक साथीमुळे लांबणीवर पडली होती. त्यामुळे महापौर जयवंत सुतार यांच्यासह सारे सभागृह पायउतार झाले आणि आयुक्त अण्णासाहेब मिसाळ हेच प्रशासक झाले. त्यानंतर चारच दिवसांनी, 11 मेपासून, संसर्गाचे केंद्र ठरू लागलेला वाशीचा एपीएमसी (कृषी उत्पन्न बाजार समिती) बाजार आठवडाभर बंद ठेवण्यात आला. मुंबईला भाजीपाला, कांदा-बटाटा आणि धान्य पुरवणारा हा बाजार आणि कोपरखैरणे, घणसोली, नेरुळ भागांत राहणारी माथाडी कुटुंबे यांचे आयुष्य एकमेकांत गुंतलेले आहे. अशा निर्णयावर शंका, तक्रार किंवा सूचना मांडण्याचे हक्काचे ठिकाण म्हणजे महापालिकेची सर्वसाधारण सभा, आणि नेमकी तीच त्या दिवशी अस्तित्वात नव्हती.

सभागृह असते तरी बाजार बंद करण्याचा आदेश महापौरांनी काढला नसता, हेही येथे सांगितले पाहिजे. साथीचा आढावा महापौरांनी द्यावा, अशी नागरिकांची अपेक्षा असते. पण आपल्याकडील महापौर सभेचे अध्यक्ष असतात, कारभार आयुक्तांच्या हाती असतो. या विभागणीचे मूळ एकोणिसाव्या शतकातील मुंबईत सापडते. 1865 च्या कायद्याने मुंबईच्या आयुक्ताला जवळजवळ निरंकुश अधिकार दिले आणि आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी ते सढळ हाताने वापरून शहरात सुधारणांबरोबर कर्जाचा डोंगरही उभा केला. करदात्यांच्या चळवळीनंतर 1872 आणि 1888 च्या कायद्यांनी तोडगा काढला : अंमलबजावणी आयुक्ताने करायची, पण तिजोरीची किल्ली सभागृह आणि खर्चाला मंजुरी देणारी त्याची स्थायी समिती यांच्याकडे राहील. राज्यातील इतर महापालिकांना लागू असलेल्या 1949 च्या अधिनियमातही हीच मांडणी उतरली.

साथीच्या वेळी हा तोल आयुक्तांकडे आणखी झुकतो. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला आणि त्यातून 1897 चा साथरोग कायदा जन्माला आला. मूळचा जेमतेम चार कलमांचा हा कायदा सरकारला जवळपास कोणतेही निर्बंध घालण्याची मुभा देतो. लोकांशी बोलण्याचे बंधन मात्र कोणावरही टाकत नाही. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याच्या धास्तीने ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर चाल केली होती, हा अनुभव ताजा असतानाच हा कायदा संमत झाला. महाराष्ट्राने 13 मार्च 2020 रोजी हाच कायदा लागू केला आणि दुसऱ्या दिवशीच्या नियमावलीने महापालिका क्षेत्रातील अधिकार आयुक्तांना दिले.

मग नगरसेवकांच्या नसण्याने बिघडले काय? माझ्या मते, प्रश्न विचारणारा आणि खर्चाला मंजुरी देणारा असे दोघेही एकाच वेळी गेले. प्रशासक सभागृहाचे आणि स्थायी समितीचेही अधिकार वापरतो. म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. जुलै 2020 मध्ये आयुक्तपदी आलेल्या अभिजीत बांगर यांच्या काळात ‘मिशन ब्रेक द चेन’ राबवले गेले, वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात करोना केंद्र चालले आणि नेरुळला पालिकेची स्वतःची चाचणी प्रयोगशाळा उभी राहिली. तातडीच्या काळात एकहाती कारभाराचा वेग उपयोगी पडला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण लोकांच्या चिंता वेगाने सुटणाऱ्या नव्हत्या. खाट कुठे मिळेल, दिघा-तुर्भ्याच्या झोपडपट्टीत किंवा गावठाणातल्या दाटीवाटीच्या घरात विलगीकरण कसे पाळायचे, आणि सर्वांत बोचरा प्रश्न खासगी रुग्णालयांच्या बिलांचा. राज्याने 21 मे 2020 रोजी खासगी रुग्णालयांच्या 80 टक्के खाटांसाठी दर बांधून दिले : साध्या कक्षाला दिवसाला 4,000 रुपये, अतिदक्षता विभागाला 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000. तरी प्रत्यक्ष बिल या चौकटीत बसते की नाही, हे तपासून घेण्यासाठी माणूस धाव घेई ती माजी नगरसेवकाकडेच. पण पदावर नसताना आपल्या विचारण्याला दाद मिळेलच, याची खात्री त्या माजी नगरसेवकालाही नव्हती.

खाडीपलीकडच्या ठाण्यात परिस्थिती वेगळी होती. तिथले 2017 मध्ये निवडून आलेले सभागृह मार्च 2022 पर्यंत टिकले. त्यामुळे बाळकुम-साकेत येथे जून 2020 मध्ये 1,024 खाटांचे रुग्णालय सुरू झाले तेव्हा आणि जुलैच्या टाळेबंदीतही महापौर नरेश म्हस्के पदावर होते. निर्णय तिथेही आयुक्तांचेच होते. फरक एवढाच की त्यांचा जाब सभेत विचारता येत होता.

नवी मुंबईला प्रशासक नवे नव्हते. 1 जानेवारी 1992 रोजी स्थापन झालेल्या या महापालिकेची पहिली निवडणूकच 1995 मध्ये झाली. या वेळी मात्र साथ ओसरल्यावरही निवडणूक आली नाही. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2021 रोजी दिलेल्या निकालानंतर राज्यभरातील निवडणुका अडकल्या. न्यायालयाने 6 मे 2025 रोजी त्या घेण्याचा आदेश दिला आणि नवी मुंबईत 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले. सभागृह रिकामे होऊन तेव्हा जवळपास पावणेसहा वर्षे उलटली होती.